एका कानापुरतं गाणं

वहिनी,

रज्जाकभाई सकाळी येऊन गेला. सायकल भिंतीला टेकवून बाहेरच उभा राहिला आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "बाई हैं क्या?" मग त्याचं त्यालाच उमगलं. डोक्यावरची टोपी काढून तो खाली बघत राहिला. मी म्हटलं, "बोल, रज्जाकभाई." तो म्हणाला, "साब, चर्च पे कर्णा लगाना क्या इस साल? पंच लोगां बोले, उन के घर पैले पूछो."

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे आणि नाताळ तोंडावर आला. मी त्याला दोन दिवसांनी ये म्हटलं. तो गेल्यावर मला हसू आलं. नाताळात कर्णा लावायचा की नाही हे अख्खी मंडळी अजून तुम्हालाच विचारते आहे.

मयताच्या दिवशी पाळकसाहेब तुमच्याबद्दल बोलले ते सगळं खरंच होतं. बार्शीचं माहेर, मुलींच्या शाळेतली नोकरी, चर्चमधली पायपेटी, सोसलेलं वैधव्य. पण मागच्या बाकावर दोन बाया कुजबुजत होत्या, त्यांचं बोलणं मला जास्त ओळखीचं वाटलं. एकीनं विचारलं, "कोण गं या?" दुसरी म्हणाली, "ह्याच की, नाताळची गानी बंद पाडलेल्या बाई." मला वळून सांगावंसं वाटलं की बाई, ती गाणी आम्हाला शिकवली ती ह्यांनीच. पण शेजारी सुनीता ताठ बसली होती, आईच्या शवपेटीकडे बघत.

खरंच, तुम्हीच शिकवली होती. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा आमच्या मंडळीत ती चार इंग्रजी चालींची गाणी होती, पण आम्ही सगळे एकाच सुरात ओरडायचो. तुम्ही बायकांचे दोन सूर वेगळे केलेत, पुरुषांचे दोन केलेत. मला खालच्या सुरात बसवलंत, कारण वर गेलो की माझा आवाज फाटतो. दादा पुरुषांतला वरचा सूर धरायचा आणि मधेच तुमच्याकडे बघून भुवई उडवायचा. एका गाण्यात बर्फ पडतो, झाडं पांढरी होतात, घंटा वाजते. दादा दर वर्षी तालमीत म्हणायचा, "बर्फ म्हणजे एक लग्नातल्या सरबतातला आणि दुसरा मयताचा. तिसरा बर्फ सोलापूरकरानं पाहिलेला नाही." तुम्ही पेटीच्या पट्टीवर बोट आपटून म्हणायचात, "तुम्ही फक्त सूर बघा, हवामान बघू नका." तेव्हा तुम्हाला त्या गाण्यांचा कंटाळा नव्हता. डिसेंबर लागला की तुम्ही भाकऱ्या थापतानासुद्धा तीच गुणगुणायचात. आपल्या घरांची भिंत एकच, त्यामुळे तुमच्या जावेला, मंगलाला, आणि मला सगळं ऐकू यायचं.

मग दादाची कावीळ उलटली.

दवाखान्यातून "आता घरी न्या" असं सांगितलं, त्याचा अर्थ आपल्या सगळ्यांना कळला होता आणि कुणीच तो उच्चारला नव्हता. नाताळच्या आदल्या संध्याकाळी गाणाऱ्यांची टोळी चर्चपासून निघायची होती. मी जाणार नव्हतो. तुम्ही दारात येऊन म्हणालात, "भावजी, जा. खालचा सूर धरायला कोणी नाही. आणि हे मघापासून विचारतायत, विजय गेला का म्हणून." मी आत येऊन दादाकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेले होते. मी गेलो.

दिवेलागणीची वेळ होती. गिरणीचा भोंगा होऊन गेला होता, गल्लीत कामावरून परतणाऱ्या सायकली होत्या. आम्ही एकेका दाराशी उभे राहत आपल्या दाराशी आलो. मला वाटलं, दादाला बरं वाटेल. मी सगळ्यांना म्हटलं, "जरा मोकळ्या गळ्यानं म्हणा, आत ऐकू जाऊ दे." एक गाणं झालं. दार उघडलं नाही. दुसरं झालं. आम्हाला वाटलं, तुम्ही फराळाचं ताट भरताय. तिसरं घेतलं, ते सगळ्यात आनंदाचं, टाळ्यांचं. ते संपलं तेव्हा दार उघडलं आणि तुम्ही उंबऱ्यावर उभ्या होता. हातात ताट नव्हतं. तुम्ही सगळ्यांकडे बघून विचारलंत, "झालं म्हणून?" मग माझ्याकडे बघितलंत. "भावजी, तुम्ही आत या."

त्यानंतरच्या एवढ्या वर्षांत एक प्रश्न मी तुम्हाला विचारू शकलो नाही. दादानं ते ऐकलं का? आम्ही गात होतो तेव्हा तो होता, की आधीच गेला होता? कितीदा जिभेवर आलं. तुम्ही शेंगदाण्याची चटणी कुटत असायचात, सुनीताची वेणी घालत असायचात, आणि मी चहाचा कप ठेवून उठून जायचो.

पुढचा नाताळ दुःखाचा म्हणून तुम्ही पेटीवर बसला नाहीत. टोळी निघाली. आपल्याकडे रीतच आहे, ज्या घरी त्या वर्षी कुणी गेलं असेल ते घर टाळून पुढे जायचं, त्यांच्या दुःखाचा मान म्हणून. त्याप्रमाणे टोळी आपल्या दोन्ही घरांसमोरून आवाज खाली करत पुढे गेली आणि कोपऱ्यावर पोचल्यावर पुन्हा मोठ्यानं गाऊ लागली. मी खिडकीतून बघत होतो. तुम्ही तुमच्या ओट्यावर बसला होता, पदर खांद्यावरून घट्ट घेऊन.

त्याच्या पुढच्या वर्षी, तालमी सुरू व्हायच्या आधी, तुम्ही पंचांच्या बैठकीत उभ्या राहिलात.

"ही चार गाणी मी यंदा वाजवणार नाही," तुम्ही म्हणालात. "दुसरं काहीतरी शोधू या."

करुणाकर मास्तर पंचांचे मुख्य. शाळेतून निवृत्त झालेले, कडक, पण मनानं वाईट नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "शालिनीबाई, कारण?"

"झिजलीत ती. पहिल्या आठवड्यापासून कर्ण्यावर तीच, शाळेत तीच, रस्त्यावर तीच. ऐकणारा ऐकत नाही आणि गाणारा गात नाही."

"आमच्या आजोबांनी हीच म्हटली. बाप्तिस्मा घेतल्यावर गावानं विहीर बंद केली, तेव्हा ह्याच गाण्यांवर त्यांनी दिवस काढले. ती झिजली असं तुम्ही म्हणता?"

तुम्ही म्हणालात, "मास्तर, त्यांच्यासाठी ती नवी होती."

तिथं बसलेल्या प्रत्येकाला दादाची संध्याकाळ माहीत होती. त्यातले निम्मे तर त्या टोळीतच होते. तरीही सगळे चालींबद्दल बोलले, पाश्चात्त्य आणि देशी संगीताबद्दल बोलले, तरुण पिढीबद्दल बोलले. मीही बोललो. मी तुमच्या विरुद्ध बोललो, वहिनी. मला ती गाणी खरंच आवडायची आणि अजूनही आवडतात. शेवटी ठरलं की ती चार गाणी दुसरं कुणीतरी वाजवेल आणि तुम्हाला हवं तर एक गाणं तुम्ही नवीन बसवा.

आधी तुम्ही रज्जाकभाईकडे गेलात, त्याच्या मंडपाच्या दुकानात. मला बरोबर नेलंत. "कर्ण्यावर दुसरं काही लावता येईल का?" त्यानं रेकॉर्डींची पेटी आपल्यासमोर उपडी केली. "बाई, मेरे कने नाताळ की एकीच है. उस में बी खर्र खर्र है. बाकी सब शादी की, गणपती की, उरूस की." तुम्ही उकिडव्या बसून एकेक रेकॉर्ड बघितलीत आणि सनईची एक निवडलीत. ती चर्चवर लागली त्या दुपारी चार-पाच जण चांगले कपडे घालून विचारत आले, लग्न कुणाचं आहे म्हणून. मास्तरांनी ती अर्ध्यात बंद करायला लावली. त्या दिवशी घरी येताना तुम्ही हसलात. दादा गेल्यावर मी पहिल्यांदा तुम्हाला हसताना बघितलं. वाटेत थांबून, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

मग आपण वळसंगला गेलो, दादाच्या मावशीकडे. एसटीतून उतरून पायी. मावशीच्या मांडीवर सुनेचं तान्हं होतं आणि ती त्याला कानडीत जोगुळ म्हणत होती, म्हणजे आपला पाळणा. तुम्ही पायरीवर बसून ऐकत होता. चाल अगदी साधी होती, तीन-चार सुरांत फिरणारी. मला शब्द नीट कळेनात, म्हणून मी म्हटलं, "मावशी, जरा मोठ्यानं म्हण की."

मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी खुळाच आहे. "मोट्यानं कशाला? लेकरू जवळच हाय की."

परतीच्या वाटेवर एसटी सोलापुरात शिरल्यावर म्हणालात, "भावजी, आपण नाताळात कुणासाठी गातो?"

"देवासाठी," मी म्हटलं.

"मग एवढ्या मोठ्यानं?"

त्या आठवड्यात भिंतीपलीकडून तुमची पेटी हळू वाजत राहिली. मावशीची चाल तुम्ही घेतली नाहीत. चाल तुमचीच होती आणि शब्दही तुमचेच. पहिल्यांदा ऐकवलंत तेव्हा मंगला भाजी चिरता चिरता थांबली.

नीज माझ्या बाळा
गोठ्यात अंधार
उघडे ते दार
वाऱ्यावर

कुठे कोणी आई
रडे गावोगाव
तिचे घेऊ नाव
तुझ्यासंगे

मी म्हटलं, "वहिनी, नाताळ आहे हा. मयत नव्हे."

तुम्ही भात्यावरचा हात काढला नाहीत. "त्या गोठ्यात सगळे हसत होते असं कुणी सांगितलं तुम्हाला? आणि नंतर त्या बाळाला शोधत राजाच्या शिपायांनी गावातली बाळं मारली, त्यांच्या आयांचं गाणं कोण म्हणतं? एकानं तरी म्हटलंय का?"

"लोक वर्षातून एकदा आनंद करायला येतात."

"ज्यांना आनंद नाही त्यांनी कुठं जायचं?"

हा वाद आपल्यात तेव्हा सुरू झाला आणि तुम्ही जाईपर्यंत संपला नाही. दर वर्षी तो नव्या कारणानं निघायचा. मी कधी हरलो नाही आणि जिंकलोही नाही. आता वाटतं, आणखी दहा वर्षं तरी भांडायला हवं होतं.

त्या नाताळात तुमचं गाणं चर्चमध्ये पडलं. सपशेल पडलं. तुम्ही पायपेटीवर न बसता पुढे उभ्या राहिलात आणि कुठल्याही वाद्याशिवाय, जवळच्या माणसाशी बोलावं तसं म्हणू लागलात. पुढच्या दोन बाकांना ऐकू गेलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, मोठ्यानं!" पोरं खोकायला लागली. कुणी बाकं सरकवली. तुम्ही आवाज वाढवला नाहीत. दोन कडवी म्हणून जागेवर येऊन बसलात. लगेच टाळ्यांचं गाणं सुरू झालं आणि छप्पर उडेल अशा आवाजात लोकांनी ते म्हटलं, सुटल्यासारखं. मीही म्हटलं. बाजूला बघितलं तर तुम्ही सुनीताच्या केसातली पिन काढून पुन्हा लावत होता.

नंतर दुष्काळाचं वर्ष आलं. नळाला पाणी नव्हतं, टँकरपाशी मारामाऱ्या. मंद्रूपकडची, वळसंगकडची आपली माणसं खडी फोडायच्या कामावर जाऊन सरकारी सुकडी खात होती. तुम्ही शाळेतून आल्यावर रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या थापायचात, त्या थापतानाच फाटायच्या. मास्तरांची मुलगी लीला त्याच उन्हाळ्यात बाळंतपणाला गावी अडकली. बैलगाडीनं आणेपर्यंत ती गेली. मूल वाचलं. मास्तरांनी ते आपल्याकडे आणलं आणि लीलाची आई ते वाढवू लागली.

डिसेंबरात बैठक झाली. कर्णा नको, मांडव नको, फराळ नको, यावर सगळ्यांचं एकमत होतं. टोळी तरी काढायची का, एवढाच प्रश्न होता. तुम्ही म्हणालात, "काढायची. पण ज्यांच्या घरी यंदा कुणी गेलंय त्यांच्याकडे आधी जायचं."

मी उभा राहिलो. "वहिनी, रीत उलटी आहे. अशा घरापुढे गाऊ नये. माणसाला त्याच्या दुःखात असू द्यावं."

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "भावजी, एका वर्षी तुम्ही सगळे नकळत आमच्या दारापुढे गायलात. दुसऱ्या वर्षी टोळी समजून उमजून आवाज खाली करून पुढे गेली. मला दुसरं जास्त लागलं."

त्या संध्याकाळबद्दल तुम्ही सगळ्यांदेखत बोललात ते एवढंच, आणि एकदाच. मास्तर मान खाली घालून बसले होते. त्यांनी वर न बघता म्हटलं, "तसं करा."

पहिलं घर मास्तरांचंच होतं. आम्ही सात-आठ जण होतो. वहाणा बाहेर काढून आत गेलो, लीलाच्या आईनं जमिनीवर चादर अंथरली. मास्तर खुर्चीत बसले होते. म्हणाले, "शालिनीबाई, या घरात काय गाणार तुम्ही?" आवाजात राग नव्हता, थकवा होता.

पाळण्यातलं मूल आमच्या येण्यानं उठलं आणि रडू लागलं. लीलाची आई त्याला घेऊन फिरली, पाठ थोपटली, तरी ते थांबेना. शेवटी तीच रडायला लागली. मास्तर म्हणाले, "अहो, त्याला घ्या कुणीतरी." तुम्ही उठलात, ते मूल घेतलंत, भिंतीला टेकून बसलात आणि त्याच्या कानाशी गायला लागलात. आम्ही बाकीचे हळूहळू मागून आलो. खालच्या सुरात मी एकटाच होतो आणि इतक्या हळू मी आयुष्यात गायलो नव्हतो. मूल काही झोपलं नाही. तुमच्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्याशी हात घालून ते हुंदके देत राहिलं, मग नुसतंच बघत राहिलं.

गाणं संपलं. आम्ही उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "पुन्हा म्हणा. पहिल्यांदा मी ऐकलंच नाही."

आपण पुन्हा म्हटलं.

त्या वर्षी आपण अशीच घरं केली. खडीच्या कामावर ऊन लागून मेलेल्याचं घर, गॅस्ट्रोनं दोन मुलं गेलेलं घर. कुठं बसायला जागा नव्हती, कुठं घरधनी बाहेर निघून गेला, एका ठिकाणी म्हातारीनं आम्हाला सरळ परत पाठवलं, "उगा गानी म्हनून माज्या लेकाला उटवू नगा," म्हणून. तुम्ही तिच्या पायऱ्यांवर बसून राहिलात. गायला नाहीत. बऱ्याच वेळानं तिनं तुम्हाला पाणी आणून दिलं. दुष्काळातलं पाणी, वहिनी. घरी येताना तुम्ही म्हणालात, "हेही नाताळचंच म्हणायचं."

मास्तर काही बदलले नाहीत, हे तुमच्यासारखंच मलाही माहीत आहे. चांगला पाऊस झाल्यावर पुढच्या नाताळात ती चार गाणी आणि कर्णा परत आले, आणि तुम्हीही त्याला हरकत घेतली नाहीत. पण दुःखाच्या घरी आधी जायचं हे मात्र राहिलं. आणि तिथं तुमचं गाणं म्हणायचं.

तिथंच पुढचं दुखणं सुरू झालं. लोकांना ते गाणं आवडायला लागलं. बारशाला म्हणायला लागले. मग लग्नात. तरुण मुलांनी त्याला ढोलकी लावली, ठेका वाढवला. दुसऱ्या मंडळ्यांनी उतरवून नेलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींनी त्यावर हातात मेणबत्त्या घेऊन नाच बसवला आणि तुम्हाला पुढच्या रांगेत पाहुणी म्हणून बसवलं. तुम्ही घरी येऊन चुलीपाशी बसलात. मी म्हटलं, "अहो, गाणं गाजलं तुमचं. चेहरा का असा?"

"वाजवून वाजवून त्याचंही पत्र्याचं भांडं केलं, भावजी."

"मग लोकांनी करायचं काय? आवडलं तरी म्हणायचं नाही?"

"म्हणायचं की. पण आता मी एखाद्या घरी जाऊन म्हटलं तर त्या बाईला मेणबत्त्या दिसणार. तिचं माणूस दिसणार नाही." लाकूड चुलीत सारून तुम्ही म्हणालात, "दुसरं शोधायला हवं."

तेव्हापासून तुम्ही शोधत होता. भिंतीपलीकडे पेटी वाजायची, दोन ओळी पुढे जायची, थांबायची. पुन्हा पहिल्यापासून. कधी महिनाभर काहीच नाही. मंगला म्हणायची, "वहिनींना सापडेना वाटतं." मग पोटातली गाठ निघाली, मिरजेला नेलं, आणलं, पुन्हा नेलं. शेवटच्या खेपेला दवाखान्याच्या व्हरांड्यात दुपारच्या उन्हात तुम्हाला बसवलं होतं. मी विचारलं, "नवं गाणं कुठवर आलं?" तुम्ही हात हलवून नाही म्हटलंत. मला वाटलं, आता विचारावं, दादानं ऐकलं का. तुम्ही माझ्याकडे बघत होता, जणू मी काय विचारणार ते तुम्हाला माहीतच होतं. नर्स आली, तिनं पिशवी बदलली. ती जाईपर्यंत तुमचा डोळा लागला होता.

तुमच्या मयताला काय म्हणायचं यावरून चर्चच्या पायऱ्यांवर चर्चा झाली. कुणी म्हणालं, त्यांचंच गाणं म्हणू या. सुनीता म्हणाली, "नको." एवढं स्पष्ट की पुढे कुणी विचारलं नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, माती लोटली, आणि तुम्ही, ज्यांनी आमच्या गावाला गायला शिकवलं, गाण्याशिवाय गेलात. मला ते फार लागलं. तुम्हाला लागलं असतं की नाही, ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात सुनीता आमच्याकडे जेवायला होती. डी.एड.चं शेवटचं वर्ष आहे तिचं. अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून ती म्हणाली, "काका, यंदा टोळी आपल्याकडे आधी येणार ना?"

"येणार. रीत तुझ्या आईनंच पाडलीय."

"आईचं गाणं मला आमच्या घरात ऐकवणार नाही."

मी म्हटलं, "मग ती जुनी चार? ती तर तिला नकोच होती."

ती ताटात बघत राहिली. मग म्हणाली, "का नको होती, तुम्हाला माहीत आहे?"

"मला वाटतं, माहीत आहे."

"नाही माहीत," ती म्हणाली. "मी तिथं होते. बाबा पलंगावर होते, आई उशाशी. तुम्ही पहिलं गाणं सुरू केलंत तेव्हा आई उठायला लागली, तुम्हाला थांबवायला. बाबांनी तिचं मनगट धरलं. सोडेनात. बोलता येत नव्हतं त्यांना. दुसऱ्या गाण्यात बोटं हलवत होते, तिच्या मनगटावर, तालात. तिसऱ्यात बोटं थांबली. आई तुमचं गाणं होईपर्यंत तशीच बसली, हात न सोडवता. मग माझ्याकडे बघून म्हणाली, दिवा मोठा कर."

मंगलानं तोंडाला पदर लावला.

म्हणजे ऐकलं होतं, वहिनी. त्यानं ऐकलं होतं, आणि ताल धरला होता. आणि ती गाणी पायपेटीवर वाजवायची म्हणजे तुम्हाला त्यानं धरलेला तोच हात पट्ट्यांवर ठेवावा लागला असता. ती झिजलीत असं तुम्ही पंचांना सांगितलंत आणि मी तुमच्याशी इतकी वर्षं चालींवरून भांडलो. तुम्ही मला एकदाही अडवलं नाहीत. मला सांगितलं असतंत तर मी ती गाणी पुन्हा कधी तोंडात घेतली नसती. कदाचित म्हणूनच सांगितलं नसेल. माझी आवडती होती ती.

सुनीतानं ताट धुवून पालथं घातलं आणि ती तिच्या घरी गेली. तेव्हापासून रोज ती कॉलेजातून आल्यावर तुमची पेटी काढते. तुमच्यासारखा हात नाही तिचा. भाता जास्त ओढते, काळ्या पट्टीवर बोट घसरतं. काल मंगला म्हणाली, "जाऊन जरा दाखवा ना तिला, खालचा सूर तरी." मी गेलो नाही.

आता ऊन उतरलंय. ती आत्ताच बसली आहे. कुठलंच गाणं नाही. तुमचं नाही, ती चारही नाहीत. दोन सूर लावते, तिसऱ्यापाशी अडखळते, आणि भात्याची नुसती हवा ऐकू येते. मग पुन्हा पहिल्यापासून. मी भिंतीशी खुर्ची ओढून बसलो आहे.